'मडल करा'ला मराठीत काय लिहायचं? ठेचा, चिरडा, चुरडा की चेपा?

म्हापशाच्या एका ताईंचा प्रश्न आहे. उर्राकाचा (काजूच्या फळाच्या रसाची गोव्यातली सौम्य दारू) सीझन चालू आहे, घरी ताज्या फळांचं लिंबू-संत्र्याचं कॉकटेल करतात, त्याची कृती मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच वाक्याला अडल्या. 'ग्लासात लिंबाच्या फोडी, साखर आणि पुदिना मडल करा', यातल्या मडलला, म्हणजे बारमध्ये ग्लासातले जिन्नस लाकडी दांड्याने दाबून त्यांचा रस आणि वास काढतात त्याला, मराठीत काय? त्यांनी 'ठेचा' लिहून बघितलं, पटेना. सासरे म्हणाले 'चिरडा' लिही, भट्टीवर बोंडू (काजूची फळं) चिड्डतात तसंच तर ते. शिवाय लिंबाची फोड म्हणायचं की काप, आणि शेक करण्याला 'घुसळणे' चालेल का, हेही विचारलंय.

ताई, एकच शब्द हवा असेल तर माझं मत 'चेपणे'. पण खरं सांगायचं तर मडलला एकच शब्द शोधायच्या नादाला लागूच नका, कारण तुमच्या त्या एका वाक्यात लिंबू आणि पुदिना असे वेगळ्या जातीचे जिन्नस आहेत आणि मराठीत त्यांना वेगवेगळी क्रियापदं आधीपासून आहेत, रोज स्वयंपाकघरात वापरतो ती. इंग्रजीवाल्यांनी सगळ्यांना मिळून एक मडल केलंय म्हणून आपणही तसंच करायला हवं असं काही नाही. तसाही तो शब्द मुळात चिखलाच्या घरचा आहे, जुन्या डचमधून आलेला, पाणी गढूळ करणे, घोळ घालणे हा त्याचा पहिला अर्थ आणि बारमधला अर्थ नंतर चिकटलेला. त्याच्या मागे जाऊन आपल्या हाताला काही लागत नाही.

आधी सासऱ्यांचा 'चिरडा' बघू, कारण त्यांचं निरीक्षण पक्कं आहे, ते फक्त दुसऱ्या फळाबद्दल आहे. गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोण, जिथे जिथे काजूचे डोंगर आहेत तिथे साधारण मार्च ते मे हे काम चालतं. झाडावरून पिकून खाली पडलेले बोंडू गोळा करायचे, बी मुरगळून वेगळी काढायची (हे 'मुरगळणे' किती नेमकं आहे बघा, ओढून काढत नाहीत, कापत नाहीत, धरून एक पीळ दिला की सुटते) आणि बोंडू कोळंबीत टाकायचे. कोळंबी म्हणजे दगडात कोरलेलं उथळ कुंड, मासळीतली कोळंबी नव्हे. त्यात माणूस पाय धुवून उतरतो आणि तुडवतो. इथे कोंकणीतलं चिड्डप आणि मराठीतलं चिरडणे दोन्ही चपखल बसतात कारण बोंडूचं काही राखायचं नसतं, जितका रस निघेल तितका हवा असतो.

पण भट्टीवरची पुढची पायरी बघा. तुडवून झालं की उरलेल्या चोथ्याचा ढीग रचतात, त्याला वेल गुंडाळतात म्हणजे फाकत नाही, आणि वर मोठा धोंडा ठेवून देतात. त्या वजनाखाली रात्रभर जो रस हळूहळू ठिबकतो तो नीरो, आणि तो नितळ, गोड, तसाच प्यायला लोक थांबून असतात. म्हणजे एकाच फळावर दोन क्रिया झाल्या, आधी चिरडलं, मग चेपलं, आणि दोन्हीचा रस वेगळा निघाला. तुमच्या ग्लासातल्या लिंबाला ही दुसरी क्रिया हवीय.

का, तर लिंबात आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात आणि एक नको असते. रस हवा, आणि सालीतलं तेल हवं. लहानपणी संत्र्याची साल दुमडून समोरच्याच्या डोळ्यात पाणी उडवायचो ना, ते पाणी नसतंच, सालीच्या अगदी वरच्या रंगीत थरात बारीक पिशव्या असतात त्यातलं तेल असतं ते, लिंबाचा किंवा संत्र्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बहुतेक त्यातच. नको असतो तो सालीखालचा पांढरा थर, तो कडू. साल वरून दाबली की पिशव्या फुटतात, तेल येतं, पांढरा थर जागच्या जागी राहतो. तेच लिंबू खलबत्त्यात घालून ठेचलं की तो थर फाटतो, बिया फुटतात, आणि सगळं ग्लासात उतरतं. घरातल्या बायका सांगतातच की लिंबू फार पिळू नये, कडू होतं. तेच इथे. आणि म्हणूनच तुम्हाला 'ठेचा' पटला नाही ते बरोबर होतं, कारण मराठी माणसाने 'ठेचा' वाचलं की तो बत्ता उचलणार, लसूण-मिरचीचा ठेचा डोळ्यासमोर आणणार आणि जोरात हाणणार.

चेपणे मध्ये हाणणं नाही. पाय चेपतो, अंग चेपतो, डब्यात पीठ चेपून भरतो, हात वरून खाली जातो, वजन देतो, पण वस्तू फुटायची अपेक्षा नसते. दाबणे पण चालेल, पण दाबणे एकदाच असतं, बटण दाबतो, चेपणे म्हटलं की पुन्हा पुन्हा, थोडं इकडे थोडं तिकडे असं आपोआप येतं. बारवाले त्या लाकडी दांड्याने नेमकं हेच करतात. घरी लाटण्याचं टोक वापरा, जाड बुडाचा ग्लास घ्या. साखर मात्र साधी दाणेदार, पिठीसाखर नको, कारण दाण्याची खरखर सालीला घासते आणि तेल लवकर सुटतं. ब्राझीलचं कायपिरिन्या नावाचं पेय याच तंत्रावर उभं आहे, लिंबाचे तुकडे, साखर आणि उसाच्या रसाची दारू. काजूचं झाडसुद्धा तिकडूनच सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलं, काजू हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतल्या अकाजूवरून पोर्तुगीजमार्गे आलाय, त्यामुळे काजूच्या फेणीत चेपलेलं लिंबू मला तरी अगदी घरचं वाटतं.

आता पुदिना. त्याला चेपा सुद्धा नको, 'चुरडा' लिहा. तुळशीचं पान बोटांत चुरडून वास घेतो तसं. पान चुरडलं की वास सुटतो पण पान पानच राहतं, फार तर ओलं आणि गडद होतं. लगदा केलात तर हिरवट कडसर चव येते आणि बारीक कण दातात येत राहतात. ग्लासात लिंबू आधी चेपून घ्यायचं, मग पुदिना हातावर चुरडून वरून टाकायचा, म्हणजे लाटणं त्याच्या वाटेला जातच नाही. चुरडणे आणि चुरगळणे यात काही जण फरक करत नाहीत, मी करतो, चुरगळतात कागद आणि इस्त्रीचे कपडे, तिथे फक्त घड्या पडतात, चुरडण्यात रस येतो.

आलं घालत असाल तर ते 'चेचा'. चेचणे आणि ठेचणे अनेकदा एकाच्या जागी दुसरं वापरलं जातं, पण कान देऊन ऐकलंत तर फरक कळेल, चहाला आलं चेचून टाकतो, एक घाव, तुकडा फाटला की झालं, तो नंतर गाळण्यात अख्खा सापडतो. ठेचलेलं गाळण्यात सापडत नाही. मिरचीला दोन्ही नको, तिला फक्त उभी चीर द्या, उर्राकात मिरची घालायची गोव्यातली पद्धत तीच आहे, चीर दिलेली हिरवी मिरची, लिंबू, मीठ, वरून लिम्का.

कुस्करणे सुचवणारे भेटतील, ते मऊ आणि कोरड्या-ओल्याच्या मधल्या गोष्टींचं, पोळी, उकडलेला बटाटा, दूधभात. खलणे औषधाचं. घोटणे भांगेचं, ते पेयाचंच असल्यामुळे मोह होतो, पण घोटून वस्तू एकजीव होते आणि आपल्याला ती व्हायला नकोय.

फोड की काप. लिंबाला फोडच म्हणतात, जेवणाच्या पानात डाव्या बाजूला लिंबाची फोड वाढतात, काप म्हटलं की गोव्यात तर नीरफणसाची किंवा वांग्याची कापंच आठवतील. अडचण संत्र्याची आहे. लिंबाची फोड आपण सुरीने करतो, संत्र्याची फोड झाडावरूनच तयार येते, त्यामुळे 'लिंबाच्या चार आणि संत्र्याच्या चार फोडी' असं लिहिलंत तर वाचणारा लिंबू कापेल आणि संत्रं सोलेल, आणि तुम्हाला संत्रं सालीसकट हवं असेल तर गडबड. तिथे सरळ 'सालीसकट तुकडे' लिहा. गोल कापायचं असेल तर 'चकती' हा छान शब्द आहेच. आणि गणपतीच्या दिवसांत पपनस मिळालं (आपल्याकडे तोरंज, तोरिंजन असं गावागणिक काय काय म्हणतात) तर त्याच्या फोडीवरचं पातळ कातडं काढून फक्त गर घ्या, कडूपणा त्या कातड्यात असतो, इथे क्रियापद 'सोलणे' दोनदा येईल, एकदा फळ सोला, मग फोडी सोला, आणि तसंच लिहा, लाजू नका.

शेकला 'घुसळणे' नको. घुसळायला रवी लागते, रवी भांड्यात फिरते आणि भांडं जागेवर असतं, वर लोणी यायची वाट बघतो. शेकमध्ये आत काहीच नाही, भांडंच हलवायचं. त्याला 'खळबळवणे' हा आपला जुना घरगुती शब्द आहे, तेलाची रिकामी बाटली गरम पाण्याने खळबळवून घेतो तोच. 'हलवा' पण चालेल, पण हलवा म्हटलं की निम्मे लोक चमचा घेऊन ढवळतात, आणि लिंबासंत्र्याचा रस असला की ढवळून पुरत नाही, रस आणि दारू नीट एकत्र यायला आणि गार व्हायला जोरात खळबळवावंच लागतं.

तर एका ग्लासाची कृती मी अशी लिहीन, बघा पटतंय का.

अर्ध्या कागदी लिंबाच्या सालीसकट चार फोडी करा, बिया काढा. जाड बुडाच्या ग्लासात दोन लहान चमचे साखर घालून लाटण्याच्या टोकाने चेपा, साखर ओली झाली आणि सालीचा वास वर आला की थांबा. पुदिन्याची सहा-सात पानं तळहातावर चुरडून टाका. आल्याचा छोटा तुकडा चेचून टाका. अर्ध्या संत्र्याचा रस आत्ताच पिळून घाला, आधी काढून ठेवू नका, लिंबासंत्र्याच्या कुळातले काही रस ठेवल्यावर हळूहळू कडवट होतात. उर्राक असेल तर 90 मिली, तो साधारण 15 टक्क्यांच्या आसपासचा सौम्य असतो, फेणी असेल तर 45 मिली पुरे, ती बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेली असते. चिमूटभर मीठ. सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत बर्फावर ओता, झाकण लावून खळबळवा, बरणी हाताला झोंबेल इतकी गार झाली की दुसऱ्या ग्लासात गाळा आणि चीर दिलेली मिरची वर सोडा.

त्या शेवटच्या 'गाळा'बद्दल कोणी शंका काढेल, कारण दारू गाळणे म्हणजे मराठीत भट्टी लावणे. पण इथे आधी बरणी आणि बर्फ आलेत, चहाचं गाळणं घ्या असं एक शब्दाने जोडलंत की प्रश्न उरत नाही.