अंतराळातली मेथी आणि अकरावीतलं जीवशास्त्र

प्रश्न: आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलगी नाशिकला अकरावी सायन्सला, गणित-जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. शुभांशु शुक्लांनी अंतराळ स्थानकात मेथी उगवलेली पाहिल्यापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणते. एक क्लास ‘अंतराळवीर फाउंडेशन’ची मोठी फी सांगतोय, वर जीवशास्त्र सोडा म्हणतोय. काय करावं?

नमस्कार भाऊ,

फी भरू नका. गगनयानसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे वैमानिक आहेत. क्लास लावून तिथे पोचता येत नाही.

मेथीचं मात्र ऐका. जून-जुलै 2025 मध्ये शुक्लांनी तिथे मेथी आणि मुगाला पाणी घातलं, मोड फ्रीजरमध्ये ठेवले. पण काय तपासायचं हे ठरवलं धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या आणि आयआयटीतल्या शास्त्रज्ञांनी. लेकीला यातलं कोणतं काम हवंय, ते विचारा. मला तरी दुसरं, म्हणजे काय तपासायचं ते ठरवण्याचं वाटतं.

ते काम तुमच्या बागेपासून लांबही नाही. स्थानकात पाणी खाली निचरत नाही, मुळांभोवतीच चिकटून राहतं नि त्यांना हवा मिळत नाही. पाणी साचलं की पांढरी मुळी बंद पडते, हे तिने घरीच ऐकलं असेल. 2020 मध्ये तर मर्लो आणि कॅबरने सॉव्हिन्यॉ या वाइनच्या वाणांच्या 320 काड्या स्थानकात पाठवल्या होत्या. जानेवारी 2021 मध्ये त्या परत आल्या आणि फ्रान्समध्ये बोर्दोच्या संशोधकांनी लावून बघितल्या. वजनरहित अवस्थेचा ताण सोसलेला वेल बदलत्या हवामानात तग धरेल का, हे त्यांना पाहायचं होतं. (छाटणीच्या दिवसांत तिला हे सांगा, बागेतून हलणार नाही.)

जीवशास्त्र सोडू नका, गणितही नाही. आयसर या केंद्राच्या विज्ञान संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, चारही विषय असतात. तिथे नाही जमलं तर सीईटी देऊन बीएस्सी अ‍ॅग्री, तेही नाशिकमध्ये राहून. पुढे एमएस्सी, पीएचडी धरली तर बारावीनंतर नऊ-दहा वर्षं जातात, हे घरात आत्ताच बोलून घ्या. निव्वळ अंतराळातल्या झाडांवर काम करणाऱ्या जागा थोड्या आहेत. पण तेच शिक्षण द्राक्ष संशोधनातही चालतं.

तोवर एक करा, मुळांना अंतराळातल्यासारखं ‘खाली’ कुठे ते कळू नये म्हणून. ओल्या टिपकागदावर मेथी चिकटवून ती बशी उभी धरून मिनिटाला एखादा फेरा घेणाऱ्या छोट्या मोटरवर फिरवू द्या. शेजारी दुसरी बशी तशीच उभी, न फिरवता. दोन्हींतल्या मुळांची दिशा तिला रोज वहीत काढू दे, आणि पुढच्या पत्रासोबत ती वही पाठवा.