परदेशात बाळ आजारी पडलं, तर आयांच्या ग्रुपवर किती विसंबावं?

तुम्ही विचारलंय, नव्या देशात दवाखान्याची रीतच कळत नाही, तर आपल्याकडच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरवसा ठेवावा का. रस्ता विचारायला जरूर ठेवा. औषध मात्र तिथे विचारू नका.

मी परदेशात आले तेव्हा मुलगी सात महिन्यांची होती. आधी फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायचं, त्यांच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ डॉक्टर बघत नाहीत, हे मला ग्रुपमधल्या एका ताईंनी व्हॉइस मेसेज पाठवून समजावलं. अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी मागायचा, हेही त्यांनीच सांगितलं. तोवर मी नवऱ्याला रजा काढायला लावत होते. त्या ताईंना मी अजून भेटलेले नाही, पण त्यांचे उपकार विसरणार नाही.

आता दुसरी बाजू. एका रात्री मुलगी तापाने फणफणली. घरून आणलेलं पॅरासिटामॉल दिलं आणि घाबरून ग्रुपवर लिहिलं. लगेच उत्तर आलं, 'इथलं ॲसिटामिनोफेन दे, पटकन उतरतं.' बाटली घरात होती, औषध मापात ओतलंही होतं. तेवढ्यात हेल्पलाइनवर नर्सचा फोन लागला. त्यांनी दोन्ही बाटल्यांवरचं वाचायला लावलं. औषध एकच, नावं दोन! एकात ५ मिलीला १२० मिलीग्रॅम, दुसऱ्यात १६०. म्हणजे 'एक चमचा दे' या सल्ल्याला काही अर्थच नाही. डोस बाळाच्या वजनावर आणि बाटलीवरच्या आकड्यावर ठरतो. ते माप मी बेसिनमध्ये ओतलं तेव्हा हात थरथरत होते.

पुरळाचे फोटो टाकून निदान मागणंही नको. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही आणि इंटरनेटवरचे बरेचसे फोटो गोऱ्या बाळांचे असतात. शिवाय आपल्या लेकराचा उघडा फोटो कुठे कुठे फिरेल, सांगता येत नाही.

बाळ किती महिन्यांचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर ग्रुप उघडूसुद्धा नका. रात्र असो की सुट्टी, लगेच डॉक्टरांना दाखवा.