घोडा-गाढव खरंच शाकाहारी?

प्रश्न : आमच्या वीटभट्टीवरचं गाढव उकिरड्यावरची हाडं चघळतं. घोडे-गाढवं पूर्ण शाकाहारी नसतात का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघेही तृणभक्षीच. चारा कुजवून पचवण्याचं काम त्यांच्या मोठ्या आतड्यात आणि त्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागात, म्हणजे अंधांत्रात, सूक्ष्मजंतू करतात. पित्ताशय नसतं, पोट लहान, उलटी होत नाही. म्हणून थोडं थोडं, दिवसभर खाणं हीच त्यांची गरज. आइसलँडमध्ये हिवाळ्यात घोड्यांना खारवलेले हेरिंग मासे देत, पण तो चारा नसताना काढलेला मार्ग; त्यावरून त्यांना मांसभक्षी ठरवता येत नाही.

हाडं चघळणं हे बहुधा फॉस्फरस किंवा मिठाच्या कमतरतेचं लक्षण. दुर्लक्ष करू नका: हाड घशात अडकतं, आणि त्यावरच्या कुजक्या मांसातून बोट्युलिझमची विषबाधा होऊन जनावर लुळं पडतं. हाडं उचलून टाका, मिठाचा चाटण-खडा टांगा आणि खनिज मिश्रणाचं प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

१२० किलोच्या गाढवाला रोज साधारण २ किलो कोरडा चारा पुरतो. ३०० किलोच्या घोड्याला ५ ते ६ किलो. ज्वारीचा वाळका कडबा बारीक कुट्टी करून द्या, बुरशी लागलेला मुळीच नको. आपल्याकडे उसाचे वाढे (शेंड्याचा हिरवा पाला) फुकट मिळतात म्हणून नुसत्या वाढ्यांवर ठेवू नका. हिरवी ज्वारी तर टाळाच. तिनं मूत्राशय बिघडतं, मागचे पाय लटपटतात. घोड्याला धान्याचा भरडा द्यायचा तर एका वेळी किलोच्या आत. जास्त झाल्यास न पचलेला स्टार्च अंधांत्रात आंबतो, पोटशूळ उठतो, खुरांना सूज येते.