ऑप्टिमायझरमधून २० लाइनअप काढल्या तरी सगळ्या सारख्याच का येतात?

ड्राफ्टकिंग्स या पैसे लावून फँटसी टीम खेळवायच्या साइटवर एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) रविवारच्या स्लेटसाठी, म्हणजे त्या दिवसाच्या सामन्यांच्या संचासाठी, ऑप्टिमायझरमधून २० लाइनअप (खेळाडू निवडून केलेल्या टीम) काढता, त्या जवळपास सारख्या निघतात आणि एकदमच बुडतात, असा तुमचा प्रश्न आहे. टूल बिघडलेलं नाही. सांगितलेलं काम ते चोख करतंय, पण त्याला अर्धंच सांगितलं गेलंय.

ऑप्टिमायझर म्हणजे निव्वळ गणित. ५०,००० डॉलरची सॅलरी कॅप (खेळाडूंच्या काल्पनिक किमतींच्या बेरजेची मर्यादा) आणि ९ जागा: क्यूबी (पास फेकणारा क्वार्टरबॅक) १, आरबी (चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक) २, डब्ल्यूआर (पास झेलणारा वाइड रिसीव्हर) ३, टीई (टाइट एंड, हाही पास झेलतो) १, फ्लेक्स (आरबी, डब्ल्यूआर किंवा टीई यांपैकी कुणीही) १, डिफेन्स (एका टीमचा अख्खा बचाव) १. यात बसणारी प्रोजेक्टेड (अंदाजित) गुणांची सर्वांत मोठी बेरीज तो शोधतो. दुसरी लाइनअप म्हणजे तिच्या लगेच खालची बेरीज, म्हणून तिच्यात एखाददुसराच खेळाडू बदलतो. त्यामुळे आधी ‘युनिक प्लेयर्स’ ही सेटिंग ३ करा; मग कोणत्याही दोन लाइनअपमध्ये जास्तीत जास्त ६ खेळाडू समान राहतील. पायथनमध्ये पल्प ही लायब्ररी वापरून स्वतः लिहीत असाल, तर आरबी २ ते ३, डब्ल्यूआर ३ ते ४, टीई १ ते २ अशी मर्यादा द्या. २-३-१ असे नेमके आकडे दिलेत की जागा ८ च भरतात, एकूण मात्र ९ हव्या असतात, आणि उत्तरच मिळत नाही.

खरा फरक पडतो तो स्टॅकने, म्हणजे एकत्र गुण मिळवणारे खेळाडू जोडीने घेण्याने. ४० यार्डांच्या एका टचडाउन पासवर क्यूबीला टचडाउनचे ४ अधिक यार्डांचे १.६ म्हणजे ५.६ गुण, आणि झेलणाऱ्याला टचडाउनचे ६ अधिक झेलाचा १ अधिक यार्डांचे ४ म्हणजे ११. एकाच चेंडूवर १६.६! ऑप्टिमायझरला हे नातं दिसत नाही, तो प्रत्येकाला सुटा मोजतो. म्हणून नियम तुम्हीच घाला: क्यूबीसोबत त्याच्याच टीमचे दोन रिसीव्हर किंवा एक रिसीव्हर आणि टीई, समोरच्या टीमचा एक रिसीव्हर, आणि आपल्या क्यूबीविरुद्ध खेळणारा डिफेन्स अजिबात नाही. मोठ्या टुर्नामेंटमध्ये सरासरी गुणांची टीम उपयोगाची नसते, एकत्र उसळणारी लागते.

एक्स्पोजरची, म्हणजे एक खेळाडू किती टक्के लाइनअपमध्ये येईल याची, मर्यादा ठेवताना बेरीज तपासा. प्रत्येक क्यूबीला कमाल २५ टक्के दिलेत तर २० पैकी ५ लाइनअप. पूलमध्ये तीनच क्यूबी असतील तर १५ वर गाडी थांबते. चार तरी ठेवाच. रँडमनेस (अंदाजित गुणांत मुद्दाम केलेला फेरफार) १० ते १५ टक्के पुरे. फार वाढवला की बळंच स्वस्त खेळाडू वर येतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र प्रोजेक्शनला द्या. आकडे चुकीचे असतील तर वरची कुठलीही सेटिंग वाचवत नाही. प्रोजेक्शनची फाइल चढवली की सॅलरीप्रमाणे लावून शून्य गुणांचे महागडे खेळाडू बघा. मार्विन हॅरिसन ज्युनियरसारख्या नावात एका फाइलमध्ये ‘ज्युनियर’ असतं, दुसरीत नसतं. नाव जुळत नाही आणि तो खेळाडू गुपचूप गायब होतो. शक्य तिथे नावाऐवजी प्लेयर आयडीवर जुळवा.

रविवारी ईस्टर्न वेळेनुसार दुपारी १ चे सामने असतात. इनॅक्टिव्ह (त्या दिवशी न खेळणाऱ्यांची) यादी ९० मिनिटं आधी, म्हणजे ११:३० ला येते. मुख्य आरबी बाहेर गेला तरी त्याच्या राखीव खेळाडूची सॅलरी आधी ठरलेलीच राहते, म्हणून तोच त्या दिवसाचा स्वस्त सौदा ठरतो. त्याचं प्रोजेक्शन वाढवून लाइनअप पुन्हा काढा. शनिवारी रात्री काढून ठेवलेल्या लाइनअप तशाच सोडणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

फ्लेक्समध्ये ४:०५ किंवा ४:२५ च्या सामन्यातला खेळाडू ठेवा. १ वाजता खेळणारा तिथे लॉक झाला, म्हणजे सामना सुरू होऊन बदलता येईनासा झाला, तर उशिराच्या आरबीच्या जागी नंतर आरबीच घालता येतो. उशिराचा फ्लेक्समध्ये असेल तर आरबी, डब्ल्यूआर, टीई तिन्ही पर्याय मोकळे राहतात. बरीच टूल्स हे आपोआप करत नाहीत, लाइनअपची सीएसव्ही फाइल अपलोड करण्याआधी तो कॉलम नजरेखालून घाला.

फिफ्टी-फिफ्टीसाठी (साधारण निम्म्या लोकांना बक्षीस मिळणाऱ्या स्पर्धेसाठी) यातलं बरंचसं लागत नाही: एकच लाइनअप, रँडमनेस शून्य. पण १० डॉलर लावून १८ मिळत असतील, तर नुसतं बरोबरीत राहायलाच ५५.६ टक्के वेळा जिंकावं लागतं, हे धरूनच रक्कम ठरवा.

हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. तिथेही वॉशिंग्टन राज्यात पैशांचे असे कॉन्टेस्ट चालत नाहीत, आणि भारतात २०२५ च्या कायद्याने ते बंद आहेत.