वाचकांचे प्रश्न : मानसशास्त्रातील संशोधन आणि संशोधननीती

प्रश्न : मी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकते. लघुप्रबंधासाठी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांमधील परीक्षेचा ताण आणि नैराश्याची लक्षणे यांचा सहसंबंध तपासायचा आहे. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी लेखी परवानगी दिली आहे. ताणाच्या चाचणीबरोबर पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली गूगल फॉर्मवर घेऊन वर्गशिक्षकांमार्फत व्हॉट्सॲप गटात पाठवायची आणि सुरुवातीला ‘मी सहमत आहे’ असा चौकोन ठेवायचा, असा विचार आहे. नाव विचारणार नाही. तीस विद्यार्थ्यांचा नमुना पुरेल ना? आणि नीतीच्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे का? (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. प्राचार्यांच्या परवानगीने तुम्हाला महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पण त्या परवानगीला विद्यार्थ्यांची संमती म्हणता येत नाही. अकरावी-बारावीतील बहुतेक मुले अठरा वर्षांखालील असतात आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा वेळी पालकांची संमती घ्यावी लागते. त्याखेरीज मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. सात ते बारा वयोगटात तो तोंडी चालतो, बारा ते अठरा वयोगटात लेखी घ्यायचा असतो. पालकांनी सही केली आणि मुलाने नकार दिला, तर त्या मुलाला नमुन्यात घ्यायचे नाही.

व्हॉट्सॲप गटाचा मार्ग मला विशेष खटकतो. फॉर्म वर्गशिक्षक पाठवणार म्हटल्यावर तो ऐच्छिक आहे यावर सोळा वर्षांचा मुलगा विश्वास ठेवील का? कोणी भरला आणि कोणी नाही, याची विचारणा त्याच गटात संध्याकाळी होते, हे आपण सगळे जाणतो. अशा दडपणाखाली भरलेल्या फॉर्ममध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच पर्याय टिचक्या मारत निवडलेला आढळतो. अर्थात ज्या त्रुटीमुळे संमती पोकळ ठरते, त्याच त्रुटीमुळे सामग्रीही निकामी होते. अभ्यासक्रमात पद्धती आणि नीती ही दोन वेगळी प्रकरणे असली, तरी प्रत्यक्ष आराखड्यात त्यांचे निर्णय एकत्रच घ्यावे लागतात.

आता मुख्य अडचणीकडे वळू. पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न, मेलेले बरे असे वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आले, हे विचारतो. समजा, एखाद्या मुलीने ‘जवळजवळ दररोज’ असे उत्तर दिले. तुम्ही नाव घेतलेले नाही, त्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचता येणार नाही, आणि तिचे उत्तर तुमच्या संगणकावर पंधरा दिवसांनी एका रकान्यातील ३ हा आकडा होऊन उरेल. हे टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे प्रश्न ठेवायचा, पण नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरायचा, प्रश्नावली छापील स्वरूपात समुपदेशक आवारात हजर असलेल्या दिवशी भरून घ्यायची, नववा प्रश्न त्याच दिवशी तपासायचा आणि जिवाला धोका दिसला तर गोपनीयता बाजूला ठेवून कोणाला कळवले जाईल, हे संमतिपत्रात आधीच लिहायचे. दुसरा मार्ग म्हणजे पीएचक्यू-८ वापरणे. यात नववा प्रश्न नसतो, एकूण गुण २७ऐवजी २४ होतात, आणि तातडीने मदत करणे शक्य नसलेल्या अभ्यासांत ती रीतसर वापरली जाते. तुमचा संशोधन प्रश्न सहसंबंधाचा आहे, आत्महत्येच्या विचारांचा नाही. त्यामुळे एम.ए.च्या पातळीवर मी दुसरा मार्ग निवडेन. तरीही टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सर्वांना छापून द्यावा आणि समुपदेशकाशी बोलणे करून ठेवावे, कारण आठव्या प्रश्नापर्यंतही पुरेसे काही कळून येते. आणि गुण कितीही आले तरी ‘तुला नैराश्य आहे’ असे कोणालाही सांगायचे नाही. ही प्रश्नावली चाळणीसाठी आहे, निदानासाठी नाही.

संमतिपत्राबद्दलही सांगायला हवे. ‘सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी हरकत नाही व भविष्यात मी कोणतीही तक्रार करणार नाही’ हे वाक्य लघुप्रबंधांच्या परिशिष्टात पिढ्यान्‌पिढ्या उतरवले जात आले आहे. त्याचा उत्तरार्ध काढून टाकावा, कारण संमतिपत्रावर सही केल्याने कोणाचाही तक्रारीचा हक्क जात नाही आणि तो काढून घेण्याचा अधिकार संशोधकाला नाही. त्याजागी असे काही लिहावे : ‘यातील काही प्रश्न उदास वाटण्याबद्दल आहेत. नको वाटेल तो प्रश्न सोडता येईल. मधेच थांबलात तरी गुणांवर किंवा हजेरीवर परिणाम होणार नाही.’

नमुन्याविषयी थोडक्यात. मध्यम आकाराचा, म्हणजे ०.३० इतका सहसंबंध ०.०५ सार्थकता पातळीवर (म्हणजे योगायोगाला सार्थक समजण्याची शक्यता ५ टक्के ठेवून) आणि ८० टक्के सामर्थ्याने (म्हणजे तो खरोखर असल्यास सापडण्याची शक्यता ८० टक्के ठेवून) पकडायचा असेल, तर सुमारे ८५ सहभागी लागतात. जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे गणित पाच मिनिटांत होते. तिसांच्या नमुन्यातून उत्तर मिळण्याची शक्यता कमी असेल, तर त्या तीस मुलांना असे प्रश्न विचारून त्रास देण्याचे समर्थन करणे अवघड आहे.

प्रश्न : माझ्या अभ्यासात दोन गटांच्या मध्यमानांतील फरक सार्थक आला नाही. मार्गदर्शक सुचवतात की दोन-तीन ‘विचित्र’ सहभागी वगळून पाहावे, नाहीतर परिकल्पना बदलून लिहावी. हे सर्वच करतात, असेही ते म्हणतात. काय करावे? (विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : सर्वच करत असत, हे दुर्दैवाने बरेचसे खरे आहे. सिमन्स, नेल्सन आणि सिमॉन्सन या संशोधकांनी २०११मध्ये अशा सवलतींचा हिशेबच मांडला. दोन परतंत्र चलांपैकी (म्हणजे मोजलेल्या परिणामांपैकी) सोयीचा निवडणे, निकाल पाहून आणखी सहभागी घेणे यांसारख्या चार सवलती एकत्र घेतल्या, तर चुकीने सार्थक निकाल येण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर जाते. याच सवलती वापरून त्यांनी एक विशिष्ट गाणे ऐकल्याने माणसाचे वय सुमारे दीड वर्षाने कमी होते, असा ‘सार्थक’ निष्कर्षही काढून दाखवला! पुढे २०१५मध्ये शंभर प्रकाशित मानसशास्त्रीय अभ्यासांची पुनरावृत्ती झाली, तेव्हा मूळचे ९७ टक्के निकाल सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच तसे आले.

मार्गदर्शकांशी वाद घालत बसू नका. ‘सर, वगळण्याचा निकष आपण सामग्री गोळा करण्यापूर्वी लिहिला नव्हता, तेव्हा वगळून आणि न वगळता अशी दोन्ही विश्लेषणे प्रकरणात देऊ का?’ असे विचारा. यात त्यांचा मान राहतो आणि वाचकापासून काही लपवले जात नाही. परिकल्पना मात्र बदलू नये. नव्याने सुचलेली कल्पना चर्चेच्या प्रकरणात ‘पुढील अभ्यासासाठी’ म्हणून मांडावी. परिणामाचा आकार (फरक किती मोठा आहे) आणि विश्वास-मर्यादा (खरा फरक कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान असू शकतो) दिल्या, तर सार्थक नसलेला निकालही व्हायव्हात व्यवस्थित मांडता येतो.

प्रश्न : मिलग्रॅम आणि झिंबार्डो यांचे प्रयोग सामाजिक मानसशास्त्रात महान म्हणून शिकवले जातात आणि संशोधननीतीत अपराधी म्हणून. परीक्षेत कोणती बाजू घ्यावी? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही बाजू एकाच उत्तरात आणाव्यात. मिलग्रॅम यांच्या १९६१मध्ये येल विद्यापीठात झालेल्या आणि १९६३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून दुसऱ्या माणसाला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) झटके द्यायचे होते; ४०पैकी २६ पुरुष शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६४मध्ये सहभागींना झालेल्या मानसिक क्लेशावर बोट ठेवले. नंतर विचारल्यावर ८४ टक्के सहभागींनी आपल्याला भाग घेतल्याचे समाधान आहे असे सांगितले, हा मिलग्रॅम यांचा बचाव. पण मागाहून व्यक्त झालेल्या समाधानाला आधीची संमती मानता येत नाही, हे उत्तरात जरूर लिहावे. झिंबार्डो यांचा स्टॅनफर्ड विद्यापीठातील नकली तुरुंग, ज्यात विद्यार्थीच कैदी आणि पहारेकरी झाले होते, ऑगस्ट १९७१मध्ये दोन आठवड्यांसाठी उभारला गेला आणि सहा दिवसांत बंद झाला. तेथे झिंबार्डो स्वतः तुरुंगाधीक्षकही होते. त्यामुळे प्रयोग थांबवण्याचा निर्णय घेणारा तटस्थ माणूस उरला नाही. शिवाय पहारेकऱ्यांना कसे वागायचे याच्या सूचना मिळाल्या होत्या, म्हणून त्यांचे वागणे परिस्थितीमुळे होते की सूचनांमुळे, हेही ठरवता येत नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात संशोधन प्रस्तावांना मंजुरी देणारी नीतिसमितीच नाही. मंजुरी कोठून घ्यावी? (विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : पहिल्या उत्तरात उल्लेखलेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची तत्त्वे अशा संस्थेला लेखी करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे प्रस्ताव नेण्याची मुभा देतात. तुमच्या विभागप्रमुखांनी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे चौकशी करावी. अर्जासोबत आराखडा, प्रश्नावली आणि मराठी संमतिपत्र जोडावे लागते. समितीची बैठक ठरावीक अंतराने होते, म्हणून सायनॉप्सिस (लघुप्रबंधाची रूपरेषा) मान्य होताच अर्ज करावा. सामग्री गोळा करून झाल्यावर मागितलेली मंजुरी कोणतीही समिती देत नाही.