पुन्हा गाडी घेताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पाच-सहा वर्षं हातात हँडल नव्हतं, आता खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेला रोजचं जाणं-येणं सुरू झालंय आणि सिंगल सिलेंडरची गाडी घ्यायची म्हणतोस. जरूर घे. पण सीसी आणि पिकअप विचारण्याआधी वजन विचार. कॉलेजात तू चालवलीस ती स्प्लेंडर भरते 112 किलो. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 भरते 195. मधला फरक साखरेच्या दीड पोत्याहून जास्त आहे. साठच्या स्पीडला तो कळतच नाही. कळतो तो खडीवर पाय टेकताना, उताराला तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना. बऱ्याच दिवसांनी गाडी धरणाऱ्याच्या हातून गाडी पडते ती बहुतेक वेळा अशीच, उभ्या उभ्या.

म्हणून शोरूमात गेलास की आधी इंजिन बंद ठेवूनच गाडी बघ. बसून दोन्ही पाय टेक. निदान पुढचा अर्धा तळवा पक्का टेकला पाहिजे. बसल्या बसल्या पायांनी दहा पावलं मागे ढकल. उतरून, हँडल पूर्ण वळवून हातानं एक गोल फिरव. यात दम लागला तर ती गाडी तुझी नव्हे, कितीही आवडली तरी. मग टेस्ट राइडला दोन पदरी रस्त्यावर पाय न टेकता यू-टर्न घे.

आता इंजिन. क्लासिकचा बोअर (सिलेंडरचा व्यास) 72 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) 85.8 मिमी, म्हणजे लांब स्ट्रोक. ट्रायम्फ स्पीड 400 चा बोअर 89 आणि स्ट्रोक 64, अगदी उलट. पॉवर बघशील तर पहिलीची सुमारे 20 हॉर्सपॉवर, दुसरीची जवळपास दुप्पट. पण गळिताच्या हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीमागे वीसच्या स्पीडनं सरकताना लांब स्ट्रोकचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये गुमान ओढतं. आखूड स्ट्रोकवालं खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, गचके देतं आणि तुला सारखा क्लच दाबावा लागतो. पुणे-बंगळूर हायवेवर दुसरीला मजा येईल, पण तुझा रोजचा रस्ता तो नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. फक्त कामावर जायचं असेल तर 150-160 सीसीची गाडी पुरे. युनिकॉर्न सुमारे 140 किलोची आहे आणि तिचं काम कुठलाही गॅरेजवाला करतो. रविवारी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायची हौस असेल, तर 350 मध्ये एनफिल्डचीच हंटर किंवा होंडा हायनेस बघ. दोन्ही 181 किलोच्या. हंटरचं इंजिन क्लासिकचंच, वजन चौदा किलो कमी. पुढच्या चाकाला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवंच. हेडलाइट मात्र रात्री बघ, दिवसा शोरूमात नव्हे. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी ट्रॉली अंधारात वेळेवर दिसायला हवी.

सेकंडहँड घेणार असशील तर सकाळी जा आणि मालकाला आधीच सांग, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्याबरोबर इंजिनवर तळवा ठेव. गरम लागलं तर स्टार्टिंगचा दोष झाकलेला असू शकतो. थंड इंजिन चालू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद खळखळ झाली तर चालेल, ऑईल वर पोहोचेपर्यंतची ती असते. ती थांबली नाही तर इंजिनातली टायमिंग चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. चालू करताना निळा धूर येऊन विरला तर व्हॉल्व्हची सील, ओढताना सतत येत राहिला तर पिस्टन रिंग. सील स्वस्तात होते, रिंगचं काम निघालं तर अख्खं इंजिन उघडतं.

मग मागच्या चाकाजवळ बैस. चेन स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) पार मागच्या टोकाला चिमटीत धरून बाहेर ओढ. दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला तर चेन ताणली गेलीय. दात एका बाजूला वाकून करवतीसारखे दिसत असतील तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलायचा, नुसती चेन नाही. जुन्या दातांवर नवी चेनही लवकर खराब होते. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरव. मधोमध खटका लागला तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) गेला. शॉकअपच्या रॉडवर ऑईलचा ओला पट्टा दिसला तर सील गेलं. टायरवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी एवढं जुनं रबर कडक झालेलं असतं, आणि उसाच्या चिखलावर ते धरत नाही. टायरचे पैसे किमतीतून कापून माग.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं (ते इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून निघतं). जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, म्हणून एप्रिल 2023 च्या आधीची गाडी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि ओ-रिंग तपासून घे. टाकीच्या तळात टॉर्च मारून गंज बघ.

कोल्हापूरची एमएच-09 पासिंगची गाडी स्वस्त वाटेल. पण बारा महिन्यांहून जास्त इकडे ठेवायची तर केए-22, म्हणजे बेळगाव पासिंग, करावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि कर्नाटकचा टॅक्स नव्यानं. तो हिशेब धरून मगच भाव कर. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज फिटल्याचा, बँकेची सही झालेला फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. विमा चौदा दिवसांत नावावर करायला टाक. आणि तुझं लायसन्स काढून तारीख बघ; संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

गाडी आली की पहिल्या रविवारी रिकाम्या मैदानाच्या कडेच्या डांबरावर जा. तीसच्या स्पीडला पुढचा ब्रेक बोटांनी हळूहळू आवळत थांब, दहा वेळा; मग चाळीस, मग पन्नास. झटका देऊन दाबायचा नाही. एबीएस चालू झालं की लिव्हर बोटाखाली थरथरते, तेव्हा घाबरून सोडू नकोस. नवीन टायर टाकलेस तर पहिले दीड-दोनशे किलोमीटर वळणावर गाडी झुकवू नकोस, वरचा गुळगुळीत थर घासून जाईपर्यंत ते घसरतात. चोर्ल्याला त्यानंतर, आणि पाऊस ओसरल्यावरच.