वाचक विचारतात : सासूबाईंचा बंब, मशीन आणि चाळीस साड्या

प्रश्न : नमस्कार ताई, कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर पाडून अपार्टमेंट होणार आहे, दोन महिन्यात आम्हाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचंय. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं. त्यांचा तांब्याचा बंब, पायाची शिलाई मशीन, चाळीसेक साड्या त्यातल्या निम्म्या नऊवारी, दोन कापसाच्या गाद्या, सगळं अजून धड आहे. मिस्टर म्हणतात भंगारवाल्याला बोलवू, एका दिवसात घर मोकळं. माझ्या जीवावर येतंय, पण फ्लॅटमध्ये जागा नाही. काय करू?

उत्तर : ताई, भंगारवाल्याला बोलवा पण सगळ्यात शेवटी बोलवा. त्याचं काही चुकत नाही, तो वजनावर घेणार, त्याच्या काट्यावर चालू मशीन आणि मोडकी मशीन सारखीच.

मशीनपासून सुरुवात करा कारण तिला मागणी नक्की आहे. आधी तेल घाला, पट्टा सैल झाला असेल तर नवीन टाका, फार खर्च नाही त्याला, आणि एक चिंधी शिवून बघा, शिवण सरळ पडतेय का ते. मग गल्लीतल्या फॉल लावणाऱ्या बाईला नाहीतर बचत गटातल्या कुणाला तरी विचारा, शिवणक्लासला जाणाऱ्या पोरींपैकी कुणाकडे घरी मशीन नाही हे त्यांना बरोबर माहीत असतं. माझ्या आईची मशीन मी अशीच दिली. द्यायच्या आदल्या रात्री ड्रॉवर उघडला तर आत तीन बॉबिन, खडूचा झिजलेला तुकडा, हुकांचं अर्धं कार्ड आणि घडी घातलेल्या कागदावर माझ्याच शाळेतल्या ब्लाऊजचं माप, आईच्या अक्षरात. कागद तेवढा मी ठेवला, बाकी सगळं मशीनबरोबर गेलं, आणि त्या पोरीला त्या बॉबिनांचाच जास्त उपयोग झाला. तुम्हीपण ड्रॉवर स्वतः रिकामा करा, दुसऱ्याला करू देऊ नका.

साड्यांचे तीन ढीग करा. सुती नऊवारी मऊ झालेल्या असतील त्या वाकळीला, म्हणजे गोधडीला द्या, आपल्याकडं अजून हातानं वाकळ शिवणाऱ्या बायका आहेत, एखादी ओळखीची बघा आणि तिच्याकडून एक वाकळ तुमच्यासाठीच शिवून घ्या की, शिलाईचे पैसे मात्र कमी करू नका, ते फार चिकाटीचं काम आहे. सासूबाई त्या रूपात घरात राहतील आणि वाकळीला फ्लॅटमध्ये जागा होतेच. दुसरा ढीग चांगल्या सहावारी, कुठं फाटलेल्या नाहीत अशा. त्या धुवून इस्त्री करून तुमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींना आधी विचारा, "मावशी, ह्यातल्या तुम्हाला आवडतील त्या निवडा", असं. गठ्ठा हातात ठेवू नका, निवडायला दिलं की घेणाऱ्याला बरं वाटतं. उरलेल्या साड्या, हा तिसरा ढीग, बोहारणीला द्या. लोकांना बोहारणीकडून स्टीलचा डबा घेणं कमीपणाचं वाटायला लागलंय, मला अजिबात पटत नाही, ती बाई डोक्यावर पाटी घेऊन उन्हात फिरते, तुमची जुनी साडी तिच्या हातून परत कुणाच्या तरी अंगावर जाते, तिचं पोट त्याच्यावर आहे. एका डब्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस करू नका एवढंच.

बंब. राधानगरी, भुदरगड, आजरा, तिकडच्या गावात अजून रोज सकाळी बंब पेटतो, सरपण घरचं असतं, तिकडं कुणी पाहुणे असतील तर एक फोन करून बघा, शहरातल्या नातेवाईकांनी नको म्हटलं म्हणजे सगळ्यांनाच नको असं नाही. विकायचाच झाला तर मोडीत जातो. आधी राख काढा, लोखंडी जाळी बाजूला करा, आणि तोटी पितळी असेल तर तिचं वजन वेगळं करायला सांगा, पितळेला तांब्यापेक्षा भाव कमी असतो आणि सगळं एकत्र तोललं की मग त्यात वाद होतात. दोन दुकानात भाव विचारा.

गाद्या कडक उन्हात दोन दिवस टाका, शिवणीत ढेकूण आहेत का नीट बघा. असतील तर कुणालाही देऊ नका. नसतील तर पिंजाऱ्याकडं कापूस पिंजून घ्या, एका गादीत दोन लहान होतात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडची माणसं, थंडीत उघड्या रानात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत लहान पोरं झोपतात. तुमच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात टोळी आली की मुकादमाला विचारा काय पाहिजे आणि तेवढंच द्या, त्यांना सगळं बैलगाडीवर नाहीतर ट्रॅक्टरवर लादून परत न्यायचं असतं.

विचारा विचारा असं मी सारखं म्हणतेय त्याला कारण आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, चिखली आंबेवाडीची माणसं घरदार सोडून बाहेर पडली, तेव्हा मी कपडे निवडायच्या कामात होते. पोतीच्या पोती येत होती. हुक तुटलेले ब्लाऊज, ओलसर साड्या, एका पायातलं बूट. आणि समोर एक आजी उभी, तिला परकर पाहिजे होता, फक्त एक कोरडा परकर, आम्ही सात पोती उपसली तरी मिळाला नाही, शेवटी एकजण गाडी काढून विकत आणायला गेला. पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच होतं हो, पण एकानंही फोन करून काय पाहिजे ते विचारलं नव्हतं.

प्रश्न : ताई, नोकरीमुळं आम्ही पुण्याला शिफ्ट होतोय. फ्रीज, सोफा, शेगडी, सिलेंडर सगळं इथंच द्यायचंय. ऑनलाइन जाहिरात टाकली तर एकानं न बघताच फ्रीज घेतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, म्हणाला स्कॅन केला की पैसे येतील. करू का?

उत्तर : अजिबात नको. पैसे घ्यायला कोड स्कॅन करायचा नसतो आणि पिन तर कधीच टाकायचा नसतो, पिन टाकला की पैसे जातात. त्याला ब्लॉक करा.

सिलेंडर कुणाला देऊन जाऊ नका, शेजाऱ्यालासुद्धा. सिलेंडर आणि रेग्युलेटर कंपनीचा असतो, कनेक्शन तुमच्या नावावर, उद्या काही झालं तर नाव तुमचं. एजन्सीत दोन्ही जमा करून ट्रान्सफरचा कागद घ्या, पुण्यात त्याच्यावर कनेक्शन मिळतं. शेगडी तुमची, ती द्या, पण बर्नर साफ करून आणि नळी काढून, जुनी नळी पुढच्या माणसाला देऊ नये.

फ्रीज घेणाऱ्याला घरी बोलवा, चालू करून दाखवा. उभाच न्यायला सांगा. टेम्पोत आडवा करावाच लागला तर घरी पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, कॉम्प्रेसरमधलं तेल परत खाली बसावं लागतं. हे तुम्ही आठवणीनं सांगा, घेणाऱ्याला माहीत असेलच असं नाही, आणि त्यानं पैसे साठवून घेतलेला असतो. सोफ्याचं आधी सोसायटीच्या वॉचमनला सांगून बघा, कुणाच्या घरी काय लागतंय ते त्यांना माहीत असतं.

प्रश्न : वडील गेले. त्यांचा वॉकर, कमोडची खुर्ची आणि बरीच औषधं शिल्लक आहेत. हे कुणाला द्यायचं म्हटलं तर अपशकुन म्हणून लोक नको म्हणतील का?

उत्तर : ज्याच्या घरी आत्ता माणूस पडून आहे तो नाही म्हणणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. वडिलांना व्यायाम शिकवायला येणारे फिजिओथेरपिस्ट किंवा रात्रपाळीच्या आया, ह्यांना फोन करा, त्यांच्याकडं पुढचा पेशंट असतोच. वॉकरच्या चारी पायांची रबरी बुचं बघा, झिजली असतील तर मेडिकलच्या साहित्याच्या दुकानातून नवी बसवा, झिजलेल्या बुचांनी फरशीवर घसरतं. उंचीची बटणं चारी पायात एकाच भोकात बसतायत ना तेपण तपासा. खुर्ची जंतुनाशकानं धुवून उन्हात वाळवा. औषधं मात्र कुणालाही देऊ नका, पाकीट फोडलेलं नसलं तरी.